चंद्राच्या छायाचित्रावरून ‘आधी काय, नंतर काय’ शिकवायचंय: कोणता भाग घ्यावा, गुण कसे द्यावेत?

नववी_ब_विज्ञान

नववीच्या वर्गासाठी प्रात्यक्षिक पाठ बसवायचा आहे. वेळ ४० मिनिटांच्या दोन तासिका, चार-चार मुलांचे गट. विषय असा: चंद्रपृष्ठाच्या छायाचित्रात दिसणारी विवरं, लाव्हाची मैदानं, भेगा यांचा सापेक्ष क्रम लावणं. किती कोटी वर्षं वगैरे आकडे सध्या नकोत, फक्त आधी-नंतर.

तीन नियम मुलांना ठाऊक आहेत. जे वर पसरलंय ते नंतरचं. जे दुसऱ्याला कापतं ते कापल्या गेलेल्यापेक्षा नंतरचं. लाव्हा ज्यात शिरला ते लाव्हाच्या आधीचं. व्याख्या विचारल्या तर घडाघडा सांगतात, पण छायाचित्र हातात दिलं की गाडी अडते:

– लहान विवर म्हणजे नवं, मोठं म्हणजे जुनं, असा सरसकट निकाल देतात.
– विवराच्या मधला डोंगर ‘नंतर उगवला’ म्हणतात.
– एकमेकांना न शिवणारी विवरंही एका ओळीत पहिलं, दुसरं, तिसरं अशी लावून मोकळे होतात.
– काहींना विवरं खड्ड्यांऐवजी टेकड्यांसारखी दिसतात, आणि मग पुढचं सगळंच उलटं होतं.

नेमका कोणता भाग छापून द्यावा? गुणदान कशावर करावं? वाळूच्या ट्रेमध्ये गोट्या टाकण्याचा प्रयोग जोडावा का? विवरमोजणी या वयात झेपेल का?

थरावर_थर

आधी भाग निवडू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. बहुतेक जण दक्षिणेकडची उच्चभूमी छापतात, कारण तिथे विवरंच विवरं असतात. नवशिक्यांसाठी तो सगळ्यात वाईट भाग आहे. विवरावर विवर इतकं चढलेलं असतं की कड कुणाची आणि मलबा कुणाचा हे जाणकारांनाही पटकन सांगता येत नाही. शिवाय तिथे लाव्हाचं मैदान नसल्यामुळे तिसरा नियम वापरायला जागाच मिळत नाही.

इम्ब्रियम समुद्राचा (‘समुद्र’ म्हणजे लाव्हाचं मैदान) पूर्वेकडचा भाग घ्या: आर्किमिडीज, ऑटोलायकस आणि अरिस्टिलस हे विवरांचं त्रिकूट, आणि आग्नेय कोपऱ्यात अपेनाइन पर्वतांची धार. साधारण २५ ते ३५.५ अंश उत्तर अक्षांश, आणि १०.५ अंश पश्चिम ते ६.५ अंश पूर्व रेखांश. हा पट्टा सुमारे ४५० गुणिले ३२० किमी भरतो आणि ए-३ कागदावर आडवा नेमका बसतो. एका सेंटिमीटरला जेमतेम ११ किमी पडतात. म्हणजे आर्किमिडीज (सुमारे ८० किमी) साडेसात सेंटिमीटरचं दिसेल, अरिस्टिलस (५५ किमी) पाच सेंटिमीटरचं आणि ऑटोलायकस (३९ किमी) साडेतीनचं. चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाच्या रुंद कोनाच्या कॅमेऱ्याचा १०० मीटर प्रति पिक्सेलचा नकाशा जालावर मोफत मिळतो. या पट्ट्यासाठी त्यातले ४५०० पिक्सेल रुंदीला येतात, ए-३ साठी पुरेसे आहेत.

एक गोष्ट मात्र बघा. साध्या अक्षांश-रेखांश प्रक्षेपात (गोल पृष्ठ सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीत) ३० अंशांवर सगळं पूर्व-पश्चिम सुमारे १५ टक्के ताणलेलं दिसतं. विवरं लंबगोल दिसली की मुलं ‘तिरका आघात’ असं स्पष्टीकरण जोडतात. नकाशाच्या संकेतस्थळावर प्रक्षेप बदलता येतो, नाहीतर चित्र तेवढं दाबून घ्या.

आता या चित्रात क्रम कसा लागतो ते पुराव्यासकट देतो.

इम्ब्रियमचा महाआघात सगळ्यात आधीचा. अपेनाइन पर्वत म्हणजे त्याने पाडलेल्या द्रोणीची (प्रचंड खोलगट भागाची) कड, वेगळी घटना नव्हे. आर्किमिडीज त्याच्या नंतरचं, कारण ते द्रोणीच्या आत बसलंय. आघाताआधीचं असतं तर उरलंच नसतं. त्यानंतर मैदानी लाव्हा: आर्किमिडीजच्या तळावर लाव्हा सपाट पसरलाय, मधला डोंगर बुडालाय, आणि बाहेरच्या बाजूलाही लाव्हा कडेच्या पायथ्याशी येऊन भिडलाय. ऑटोलायकस आणि अरिस्टिलस लाव्हाच्या नंतरची, कारण त्यांचा मलबा लाव्हाच्या पृष्ठावर पसरलेला दिसतो. आणि अरिस्टिलसचा मलबा ऑटोलायकसवर चढलाय, म्हणून अरिस्टिलस शेवटचं.

पाच घटना, वर पसरण्याचा आणि भरण्याचा असे दोन नियम वापरले गेले, आणि एक महत्त्वाची गोष्ट मुलांच्या हाती आपसूक लागते. द्रोणी आणि तिच्यात भरलेला लाव्हा एका वयाचे नाहीत. मधल्या काळात आर्किमिडीज घडून गेलं. महाआघाताच्या धक्क्यानेच लाव्हा उसळून आला ही समजूत पाठ्यपुस्तकी चित्रांमुळे फार पक्की असते. ती याच एका विवरामुळे मोडते.

कृती अशी ठेवा:

१. छापील चित्रावर पारदर्शक प्लास्टिकची शीट चिकटपट्टीने बसवायची. चारही कोपऱ्यांत अधिकचं चिन्ह काढायचं, म्हणजे शीट सरकली तरी परत जुळवता येते.

२. पहिली १५ मिनिटं फक्त सीमारेषा. विवराची कड, मलब्याची जाईल तिथवरची हद्द आणि लाव्हाचा किनारा या तिन्हींना वेगवेगळे रंग. या टप्प्यावर ‘आधी’, ‘नंतर’ हे शब्द उच्चारायचेच नाहीत. बारीक टोकाचा पक्का मार्कर लागेल, जाड टोकाने सीमा दोन किमीची होते.

३. मग जोड्या. जिथे दोन सीमा भेटतात तिथेच जोडी होते. प्रत्येक जोडीसाठी एक ओळ: आधीचं कोण, नंतरचं कोण, पुरावा कोणता, खात्री किती. पुराव्याला अक्षर द्या. ‘व’ म्हणजे वर पसरलंय, ‘क’ म्हणजे कापलंय, ‘भ’ म्हणजे भरलंय, ‘आ’ म्हणजे आधीचं असतं तर टिकलंच नसतं.

४. शेवटी बाणांची आकृती. आधीच्याकडून नंतरच्याकडे बाण. यादी मागायची नाही, हे मी मुद्दाम सांगतोय. यादी मागितली की न शिवणाऱ्या विवरांचाही क्रम लावणं मुलांना भागच पडतं. तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं मूळ मुलांच्या डोक्यात नसून प्रश्नपत्रिकेत आहे.

चित्राच्या नैर्ऋत्येला बियर आणि फ्युइये ही जोडगोळी आहे, दोन्ही नऊ-दहा किमीची, अगदी शेजारी. दोन्ही लाव्हावर आहेत म्हणजे लाव्हानंतरची. पण त्यांच्यातलं आधीचं कोणतं? या चित्रावरून ठरत नाही. अरिस्टिलसशी तुलना केली तरी ठरत नाही. ‘ठरत नाही’ या उत्तराला पूर्ण गुण ठेवा आणि ते आधीच जाहीर करा.

तिरपा_उजेड

वरच्या उत्तरात उजेडाचा मुद्दा राहिलाय, आणि टेकड्या दिसण्याची तक्रार नेमकी त्याचीच आहे.

आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. चित्रात उजेड खालून आला की खड्डा उंचवटा वाटतो. उपाय सोपा आहे: कागद असा फिरवा की उजेड वरच्या बाजूने येईल. उत्तर दिशा वर असलीच पाहिजे असा हट्ट सोडा, दिशेचा बाण छापला की काम भागतं. आणि रेषा ओढायच्या आधी प्रत्येक गटाने चित्रावर उजेडाचा बाण काढायचा. तपासणी अशी: उजेड डावीकडून असेल तर खड्ड्याची डावी आतली भिंत अंधारात आणि उजवी उजळ. टेकडीचं बरोबर उलट. एखाद्याला तरीही टेकडीच दिसत असेल तर त्याला सावलीचं टोक दाखवा. खड्ड्याची सावली आत पडते, कडेबाहेर जात नाही.

दुसरं म्हणजे एकाच भागाची दोन चित्रं लागतात. कमी कोनातल्या उजेडात उंचसखलपणा दिसतो: कड, मलब्याच्या वळ्या, लाव्हावरच्या सुरकुत्या. पौर्णिमेच्या आसपासच्या उजेडात सावल्या नाहीशा होतात आणि फक्त रंगातला फरक उरतो, तेव्हा किरणरेषा (विवरापासून फाकलेले उजळ मलब्याचे पट्टे) उठून दिसतात. एराटोस्थेनिस हे विवर याचं झकास उदाहरण आहे. ५८ किमी व्यासाचं, सकाळच्या उजेडात रेखीव. पौर्णिमेला ते शोधावं लागतं, कारण स्वतःच्या किरणरेषा शिल्लक नाहीत आणि जवळच्या कोपर्निकस विवराच्या किरणरेषा त्याच्यावरून गेल्यात. मुलांना दोन्ही चित्रं शेजारी द्या आणि विचारा, किरणरेषा कुणाच्या, कुणावर? कोपर्निकस नंतरचं हे उत्तर ती स्वतः काढतात. १९६२ मध्ये शूमेकर आणि हॅकमन या भूवैज्ञानिकांनी चंद्राच्या कालखंडांची मांडणी केली ती याच परिसरावरून. कोपर्निकन आणि एराटोस्थेनियन ही कालखंडांची नावं तिथून आली.

याच परिसरात, त्या दोन विवरांच्या मधोमध स्टॅडियस आहे, सुमारे ७० किमीचं भुताटकी विवर. लाव्हाने इतकं बुडवलंय की कडेचे तुकडे तेवढे डोकं वर काढतात, आणि त्या सगळ्यावर कोपर्निकसची दुय्यम विवरं (आघातात उडालेले दगड पडून झालेली) माळेसारखी पसरलीत. विवर, मग लाव्हा, मग पुन्हा दुसऱ्या विवराचा मलबा. पहिल्या तासिकेत नको, पण हुशार गटाला जादाचं काम म्हणून उत्तम.

दुर्बीण असेल तर तिथी बघून बसवा. थिओफिलस-सिरिलस ही विवरांची जोडी शुद्ध षष्ठीला, आर्किमिडीजचं त्रिकूट अष्टमीच्या आसपास, ‘सरळ भिंत’ नावाचा भ्रंश (पृष्ठ तुटून झालेली पायरी) नवमीला, कोपर्निकस दशमीला. चंद्राच्या डोलण्यामुळे अर्धा दिवस इकडेतिकडे होतं. काटकोनी आरशाचं जोडसाधन लावलेल्या दुर्बिणीत डावं-उजवं उलटतं. तेव्हा छापील चित्रही आरशातलं करून द्या, नाहीतर अर्धा वेळ ‘सर, हे कुठंय’ यातच जाईल.

छपाईचं एक. लेझर प्रिंटरवर सावल्या काळ्याठिक्कर होतात आणि आर्किमिडीजच्या भिंतीवरचे टप्पे गडप होतात. छापण्याआधी चित्राचे मधले करडे रंग थोडे उजळवा, पांढरे तसेच ठेवा. प्रमाणपट्टी चित्राच्या आतच छापा. ‘एक सेंटिमीटरला इतके किमी’ असं नुसतं लिहिलं तर झेरॉक्स काढताना आकार बदलतो आणि लिहिलेलं खोटं ठरतं.

विवरमोज्या

लहान-मोठ्याच्या गैरसमजाबद्दल. तो सरसकट चूक नाही, म्हणून तर तो जात नाही. एकमेकांवर चढलेल्या दोन विवरांत बहुतेक वेळा लहानच वरचं असतं. पण कारण काय? मोठं विवर लहानावर पडलं तर लहान पुसलंच जातं, ती जोडी आपल्याला दिसतच नाही. लहान मोठ्यावर पडलं तर दोन्ही उरतात. म्हणजे ‘लहान नंतरचं’ हा निसर्गनियम नसून शिल्लक राहिलेल्या पुराव्यांचा कल आहे. हे एकदा फळ्यावर दोन वर्तुळं काढून आणि पुसून दाखवलं की पोरांना पटतं.

मग लगेच अपवाद द्या: थिओफिलस आणि सिरिलस. दोन्ही शंभर किमीच्या आतबाहेर, आकारावरून काही ठरवायची सोयच नाही. थिओफिलसची कड पूर्ण, सिरिलसची ईशान्येकडची कड थिओफिलसने खाल्लेली. ज्याची कड अखंड ते नंतरचं. ‘व्यास बघू नका, कड कुणाची तुटली ते बघा’ हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात कायम राहू द्या.

तीन पायऱ्यांचा सराव हवा असेल तर थेबिट. मूळ थेबिट ५७ किमी, त्याच्या कडेवर थेबिट-ए सुमारे २० किमी, आणि थेबिट-एच्या कडेवर थेबिट-एल सुमारे १० किमी. क्रम चटकन लागतो. मात्र इथे लहान-नंतरचं हे समीकरण योगायोगाने बरोबर येतं, म्हणून थेबिट आधी आणि थिओफिलस नंतर दिलंत तर गैरसमज आणखी घट्ट होईल. उलट क्रमाने द्या.

थेबिटच्या शेजारीच सरळ भिंत आहे, सुमारे ११० किमी लांबीचा भ्रंश. मैदानी लाव्हाला कापतो, म्हणून लाव्हानंतरचा. तिच्या पश्चिमेला बर्ट हे १७ किमीचं विवर, तेही लाव्हानंतरचं, आणि बर्टच्या कडेवर बर्ट-ए. भ्रंश आधी की बर्ट आधी? भ्रंश बर्टच्या कडेला कापत नाही, बर्टची कडही भ्रंशावर चढलेली नाही. बाणांच्या आकृतीत लाव्हापासून दोन फांद्या फुटतात, एक भ्रंशाकडे, दुसरी बर्ट आणि बर्ट-एकडे. फांदी फुटणं म्हणजे काय हे शिकवायला याहून सुटसुटीत जागा नाही.

क्लॅव्हियसमध्ये मात्र सापळा आहे. सव्वादोनशे किमीच्या त्या विवराच्या आत लहान होत जाणाऱ्या विवरांची कमान दिसते. मुलं हमखास म्हणतात, मोठ्यापासून लहानापर्यंत एकामागून एक पडली. ती सगळी क्लॅव्हियसनंतरची एवढंच नक्की. आपापसांत ती भिडतच नाहीत, त्यामुळे कमानीचा क्रम म्हणजे काळाचा क्रम नव्हे.

मधल्या डोंगराचं: साधारण २० किमीच्या वरच्या विवरांत मधला डोंगर आणि भिंतीवरचे पायऱ्यांसारखे टप्पे ही त्याच आघाताची अंगं आहेत, काही मिनिटांत घडून जातात. मलबा, किरणरेषा, दुय्यम विवरांच्या माळा याही त्याच घटनेच्या. शीटवर रेषा ओढण्याच्या टप्प्यातच प्रत्येक घटनेला एक रंग आणि तिच्या सगळ्या अंगांना तोच रंग, असा नियम केला तर हा प्रश्न उरत नाही. (थरावर_थर यांनी कड आणि मलब्याला वेगळे रंग सांगितलेत. मी तिथे घटनेनुसार रंग आणि प्रकारानुसार रेषेची जात ठेवेन: कड सलग, मलबा तुटक, लाव्हाचा किनारा ठिपक्यांचा.)

नववी_ब_विज्ञान

‘ठरत नाही’ला पूर्ण गुण ही कल्पना पटली. पण मग सगळीकडेच ‘ठरत नाही’ लिहून सुटका करून घेतील, त्याचं काय? आणि झिजेवरून क्रम लावण्याचा तक्ता मिळतो ना, धारदार कड म्हणजे एक, पुसट म्हणजे पाच वगैरे. तो दिला तर न शिवणाऱ्यांचाही निकाल लागेल, असं वाटतं.

थरावर_थर

सुटकेवर उपाय: ‘ठरत नाही’ लिहिल्यावर पुढचा रकाना सक्तीचा. काय दिसलं असतं तर ठरलं असतं? ‘बियरचा मलबा फ्युइयेच्या तळावर दिसला असता तर’ असं काहीतरी ठोस हवं. ते लिहिता आलं तर मुलाला विषय कळलाय.

गुण २० असतील तर माझी वाटणी अशी: सीमारेषा ४, योग्य जोड्या शोधणं ४, पुरावा नीट नोंदवणं ८, बाणांची आकृती ४. पुराव्याशिवाय नुसता बरोबर क्रम आला तर शून्य. पुरावा नीट लिहून निष्कर्ष चुकला तर अर्धे गुण, कारण चूक शोधता येते.

आकृतीची एक आपोआप तपासणी आहे, ती मुलांनाच करू द्या. बाणांवरून बोट फिरवत निघाल्यावर परत सुरुवातीच्या जागी आलात, म्हणजे क नंतर ख, ख नंतर ग आणि ग नंतर पुन्हा क असं झालं, तर एखादी जोडी नक्की चुकली आहे. बहुधा ती लाव्हाची असते. ‘लाव्हा’ ही एकच घटना धरलेली असते, पण प्रत्यक्षात दोन वेगळे प्रवाह असतात.

विवरमोज्या

झिजेच्या तक्त्याला माझा विरोध आहे, निदान पहिल्या पाठात तरी. झीज वयावर अवलंबून असते तशी व्यासावरही असते. चंद्रावर वारा-पाणी नाही (मुलं ‘वाऱ्याने झिजलं’ लिहितात, लक्ष ठेवा). तिथे झीज होते सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने, शेजारच्या आघातांचा मलबा पडून आणि भिंती ढासळून. या माऱ्यात एक किमीचं विवर जितक्या काळात पुसट होतं तितक्यात ५० किमीच्या विवराला काहीच होत नाही. म्हणून ‘हे पुसट, ते धारदार, म्हणून हे जुनं’ हे वाक्य व्यास जवळपास सारखे असतील तरच चालतं. तक्ता द्यायचाच तर वर ठळक अक्षरांत लिहा: लहान विवराचा व्यास मोठ्याच्या निम्म्याहून कमी असेल तर तुलना करू नये. ही काटेकोर सीमा नाही, वर्गासाठी सोयीची आहे.

शिवाय लाव्हाने भरलेलं विवर झिजलेलं वाटतं, पण त्याची कड तपासली तर बरीच शाबूत असते. आर्किमिडीज तसंच आहे. उथळ म्हणजे झिजलेलं, हे समीकरण तिथे फसतं.

किरणरेषांचंही तसंच. ताजा मलबा उजळ असतो आणि सौरवात (सूर्याकडून येणारा कणांचा झोत) व सूक्ष्म उल्कांमुळे काळवंडत जातो, साधारण १०० कोटी वर्षांच्या मानाने. म्हणून किरणरेषा असलेलं विवर तरुण, हा ढोबळ नियम टायको, कोपर्निकस, केप्लर यांना लागू पडतो. पण लिश्टेनबर्ग बघा: वादळांचा महासागर नावाच्या मोठ्या लाव्हामैदानाच्या पश्चिम भागातलं सुमारे २० किमीचं विवर. किरणरेषा आहेत, तरी आग्नेयेकडचा मलबा नंतर आलेल्या लाव्हाखाली गेलाय. तिथला मलबा उच्चभूमीच्या उजळ खडकाचा आणि आजूबाजूचं मैदान गडद, त्यामुळे काळवंडूनही तो उठून दिसतो. किरणरेषा आणि लाव्हाचं आच्छादन यांत भांडण झालं तर आच्छादनाचं ऐकायचं. भूमितीचा पुरावा रंगापेक्षा वरचढ.

गोटी_आणि_खड्डा

ट्रेचा प्रयोग जरूर घ्या, पण ज्या पद्धतीने तो सगळीकडे होतो तसा नको. गोट्या टाका, खड्डे बघा, संपलं: यातून क्रम शिकला जात नाही. त्याला कोड्याचं रूप द्या.

ट्रे ३० गुणिले ४० सेंमी, किमान ८ सेंमी खोल. तळाशी ५ ते ६ सेंमी बारीक कोरडी वाळू, चाळलेली. वर दोन-तीन मिलिमीटर गडद रंगाची भुकटी. खालचा थर फिका, वरचा गडद असला की फेकला गेलेला मलबा उजळ दिसतो आणि मलब्याची हद्द आखता येते. वाळू पाच सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर गोळी तळाला आपटते आणि खड्डा बशीसारखा उथळ येतो.

गोळ्या पोलादी घ्या, १० ते २५ मिमी व्यासाच्या, आणि एक ते दीड मीटरवरून सोडा. पोलादी कशासाठी? लोहचुंबकाने वरच्या वर उचलता येतात. काचेची गोटी बोटांनी काढताना कड मोडते आणि मुलं त्या मोडीलाच पुरावा समजतात. फेकायच्या नाहीत, सोडायच्या. डोळ्यांवर चष्मे हवेतच.

एका गटाने आठ-दहा गोळ्या क्रमाने सोडायच्या आणि प्रत्येक वेळी बरोबर वरून फोटो काढायचा. विजेरी बाजूला, पृष्ठापासून १५-२० अंशांवर, शेवटपर्यंत न हलवता. दुसऱ्या गटाला फक्त शेवटचा फोटो द्यायचा. ते बाणांची आकृती काढतात, मग पहिला गट फोटोंची मालिका उघडतो. चंद्राच्या बाबतीत उत्तरपत्रिका कुणाकडेच नसते. इथे ती असते, आणि आपली पद्धत कितपत भरवशाची हे मोजता येतं. किमान तीन गोळ्या आधीच्या खड्ड्याच्या कडेवर पडतील असं बघा, नाहीतर भिडणाऱ्या जोड्याच मिळत नाहीत.

लाव्हासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात थोडा काळा रंग, वजनाने जवळपास तेवढंच पाणी, म्हणजे पातळ वाहतं. ओतण्याआधी त्या भागातल्या वाळूवर पाण्याचा बारीक फवारा मारा. कोरडी वाळू प्लास्टरमधलं पाणी शोषून घेते आणि लाव्हा पसरण्याऐवजी जागच्या जागी गोळा होतो. ट्रे एका बाजूने सेंटिमीटरभर उचलून ठेवा आणि खालच्या टोकाला चमच्याने सावकाश ओता. काही खड्डे पूर्ण बुडतील, काही कडेपर्यंत. ‘लाव्हानंतरची’ विवरं हवी असतील तर वेळ साधावी लागते: पातळ असताना गोळी टाकली तर खड्डा मिटतो, पूर्ण घट्ट झाल्यावर टाकली तर उमटतच नाही. बोट टेकवल्यावर खूण तशीच राहू लागली की टाका. प्लास्टर कालवताना तोंडावर मास्क, आणि उरलेलं मोरीत ओतायचं नाही, नळी तुंबते.

मुलांना मर्यादाही सांगा. गोळी सेकंदाला चार-पाच मीटर वेगाने येते. चंद्रावरचे आघात सेकंदाला सरासरी २० किमीच्या आसपासचे असतात. त्यामुळे तिथे आदळणारी वस्तू जवळजवळ नाहीशी होते आणि विवर तिच्या कितीतरी पट मोठं होतं. ट्रेमध्ये गोळी शाबूत राहते आणि खड्डा तिच्या दोन-तीन पटच. मधला डोंगरही येत नाही. चढणं, कापणं, बुडणं यांची भूमिती मात्र तंतोतंत मिळते, आणि पाठाला तेवढीच हवी आहे.

एक वेगळा प्रयोग चुटकीसरशी होतो. दोन सारख्या गोळ्या एकदम, शेजारी-शेजारी सोडा. दोन खड्ड्यांच्या मधे सरळ भिंत उभी राहते, कुणाचीच कड दुसऱ्याला कापत नाही. जोडआघाताची खूण तीच. ‘कोणतं आधी’ला ‘दोन्ही एकदम’ हेही उत्तर असू शकतं, हे मुलांना सहसा सुचत नाही.

विवरमोज्या

विवरमोजणी झेपते, पण या दोन तासिकांत कोंबू नका. तिसरी वेगळी ठेवा. ती नेमकी तिथे लागते जिथे भूमिती हात टेकते, म्हणजे एकमेकांना न शिवणारी दोन मैदानं.

तत्त्व एका वाक्यात: जे पृष्ठ जास्त काळ उघडं, त्यावर तेवढ्याच क्षेत्रात जास्त विवरं. अटी मात्र बऱ्याच आहेत.

दोन्ही चौकोनांचं क्षेत्र सारखं हवं, १०० गुणिले १०० किमी. ५० गुणिले ५० घेतलंत तर क्षेत्र एक चतुर्थांश होतं आणि हातात जेमतेम पाच-दहा विवरं येतात, त्यातून काही निघत नाही. प्रत्येक चौकोन त्याच एका लाव्हाप्रवाहाच्या आत असावा, अर्ध्यात उच्चभूमी घुसू देऊ नका. किमान व्यास आधी ठरवा: १०० मीटर प्रति पिक्सेलच्या चित्रात एक किमी, म्हणजे दहा पिक्सेल. त्याहून लहान मोजायला गेलं की प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. पारदर्शक पट्टीवर एक किमीचं वर्तुळ छापून द्या, त्यात मावतं ते मोजायचं नाही. कडेवरच्या विवराचा मध्यबिंदू चौकोनात असेल तरच मोजायचं.

दुय्यम विवरं वगळायची. माळेत, घोळक्यात, किंवा एका बाजूला लांबट आणि उथळ दिसली की संशय घ्या. मोठ्या तरुण विवराजवळ चौकोन घेतला तर दुय्यमांमुळे मैदान आहे त्यापेक्षा जुनं ठरतं. म्हणून कोपर्निकसच्या आसपास मोजणी नको.

आणि आकड्यांतली अनिश्चितता. मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ ही साधारण अनिश्चितता, नववीला वर्गमूळ येतंच. एका चौकोनात ४२ आणि दुसऱ्यात २४ आली असं धरा. फरक १८. दोन्हींची बेरीज ६६, तिचं वर्गमूळ सुमारे ८. फरक वर्गमूळाच्या दुपटीहून जास्त, म्हणून पहिलं मैदान जुनं म्हणायला हरकत नाही. पण ३० आणि २४ आली तर फरक ६, बेरजेचं वर्गमूळ ७ च्या पुढे. तिथे ‘ठरत नाही’.

तोच चौकोन तीन मुलांना स्वतंत्रपणे मोजायला द्या. त्यांच्या आकड्यांतला फरक बघितला की उजेडाचा कोन आणि किमान व्यास यांच्यावर एवढा जोर का दिला ते वेगळं सांगावं लागत नाही. दोन्ही चौकोनांच्या चित्रांत उजेडाचा कोन सारखा नसेल तर जास्त तिरप्या उजेडातल्या चौकोनात जास्त विवरं ‘सापडतात’, वयाशी त्याचा संबंध नसतो.

उच्चभूमीत हा प्रकार करू नका. तिथे विवरं इतकी दाटलीत की नवं विवर घडताना एखादं जुनं पुसतं, आणि लहान व्यासांची संख्या वाढायची थांबते. दोन जुनी उच्चभूमी पृष्ठं मग सारखीच दिसतात. तिथे मोठी विवरं, २० किमीच्या वरची, आणि कितीतरी मोठं क्षेत्र घ्यावं लागतं.

तिरपा_उजेड

एक पुरवणी. ‘मग खरं वय किती?’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, तेव्हा दोन-चार आकडे जवळ असू द्या. अपोलोच्या १९६९ ते १९७२ मधल्या सहा मोहिमांनी ३८२ किलो नमुने आणले, वयाचे आकडे मुख्यतः त्यावर बेतलेत. इम्ब्रियमचा आघात सुमारे ३८५ ते ३९० कोटी वर्षांपूर्वीचा. कोपर्निकस सुमारे ८० कोटी, टायको सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचं. २०२० मध्ये चीनच्या चांग-अ-५ यानाने वादळांच्या महासागराच्या उत्तर भागातून आणलेला लाव्हा सुमारे २०० कोटी वर्षांचा निघाला. त्या मैदानावर विवरं विरळ आहेत हे आधीच मोजलेलं होतं, नमुन्यांनी त्याला आकडा दिला.

पण हे आकडे बाणांची आकृती जमा करून घेतल्यानंतरच फळ्यावर लिहा. आधी लिहिले तर मुलं चित्र बघायचं सोडून आकड्यांवरून बाण काढतात.

नववी_ब_विज्ञान

पक्कं केलं. पहिल्या तासिकेत इम्ब्रियमचं चित्र आणि शीट, दुसरीत थिओफिलस, मग थेबिट-बर्ट आणि ट्रेचा शेवटचा फोटो, मोजणी पुढच्या आठवड्यात. रेषांसाठी विवरमोज्यांची पद्धत घेत आहे: घटनेला रंग, प्रकाराला रेषेची जात. प्लास्टर घट्ट व्हायला तासिकेत वेळ मिळणार नाही, म्हणून लाव्हाचा ट्रे आदल्या दिवशी तयार करून फोटोंची मालिका काढून ठेवली तर चालेल ना?

गोटी_आणि_खड्डा

चालेल, उलट बरंच. फक्त सगळे फोटो एकाच उंचीवरून यावेत म्हणून फोन स्टँडला बांधा, आणि ट्रेच्या कडेला मोजपट्टी चिकटवून ठेवा. मालिकेतल्या फोटोंना क्रमांक देताना फाइलच्या नावात घालू नका. शेवटचा फोटो मुलांना पाठवला की नावातला ‘१०’ बघून आधी दहा घटना मोजतात आणि मग त्या शोधायला लागतात.